उपसाबंदीआधी उसाच्या पाण्याचा हिशेब कसा मांडावा

पंचगंगेच्या काठचा ऊस उन्हाळ्यात वाळू शकतो, हे परगावच्या माणसाला पटत नाही. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेला घाटमाथ्यावर धो-धो पाऊस पडत असला, तरी शिरोळ-हातकणंगल्याकडे तो फारच कमी असतो, आणि पावसाळा सरल्यावर नदी वाहते ती मुख्यतः राधानगरीसारख्या धरणांतून सोडलेल्या पाण्यावर. हे पाणी पुरवून वापरता यावे म्हणून उपसाबंदी, म्हणजे नदीतून पंपाने पाणी उचलण्यावर काही दिवसांची बंदी, लागते. म्हणून हिशेब लागणीपूर्वीच मांडावा.

मोटरच्या अश्वशक्तीवरून पाण्याचा अंदाज बांधू नये. जॅकवेलजवळ, म्हणजे नदीकाठच्या पंपाच्या विहिरीजवळ नव्हे, तर शेतातल्या पाइपच्या तोंडाशी 200 लिटरचे बॅरल धरून ते किती सेकंदांत भरते ते पाहावे. 20 सेकंद लागले, तर तासाला 36,000 लिटर पाणी मिळते. एप्रिल-मेच्या उन्हात वाढलेला ऊस दिवसाला सुमारे 7 मिलिमीटर, म्हणजे एकरी 28,000 लिटर पाणी मागतो. आता सहकारी पाणीपुरवठा संस्थेची पाळी दहा दिवसांतून एकदा आठ तासांची असेल, तर दिवसाला सरासरी 28,800 लिटर हाती येते. म्हणजे एक थेंबही वाया न गेला तर जेमतेम एक एकर भिजतो, आणि पाटात व सरीत निम्मे पाणी मुरले तर अर्धाच. ही आकडेमोड कागदावर मांडली की दोन एकर लागणीचा हट्ट बहुधा आपोआप सुटतो.

बंधाऱ्याकडेही लक्ष हवे. नदीचे पाणी अडवणाऱ्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात बर्ग्यांच्या (काढता-घालता येणाऱ्या फळ्यांच्या) दोन ओळी बसवून मधे माती ठासतात. बर्गे घाईने घातले तर परतीच्या पावसाचा लोंढा ते उखडतो आणि उशीर केला तर अडवायचे पाणी वाहून जाते, म्हणून ते घालताना संस्थेच्या दोन-तीन सभासदांनी तिथे उभे राहावे. गळती तेव्हाच दिसली तर माती टाकून बुजवता येते.

ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी अस्तरीकरण केलेल्या शेततळ्याचा विचार करावा. 30 बाय 30 मीटरचे, 3 मीटर खोल आणि एकास एक उताराचे तळे जवळपास 22 लाख लिटर पाणी धरते. ऐन उन्हाळ्यात त्यातले रोज सहा-साडेसहा हजार लिटर वाफ होऊन उडते; तरी ठिबकवर एक एकर ऊस साधारण दोन महिने निभावतो. यात नऊ गुंठे जमीन अडकते, हेही विसरू नये. नदीतून तळे भरायचे तर पाटबंधारे विभागाची परवानगी आधी घ्यावी लागते, आणि ते हिवाळ्यातच, नदीत पाणी असताना भरून घ्यावे.

खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटलेल्या उसात, पाचट (उसाचा वाळलेला पाला) जाळू नये. ते सरीत पसरल्यास दोन पाळ्यांमधले अंतर वाढवता येते. पाणी फारच आखडले, तर एक आड एक सरी भिजवावी.