दहावीला रायटर आणि जादा वेळ : ज्यांची मुलं अजून पाचवी-सहावीत आहेत त्यांच्यासाठी

माझ्या मुलाला डिसलेक्सिया (वाचायला अडचण) आणि डिसग्राफिया (लिहायला अडचण) दोन्ही आहे, तो मुंबईत स्टेट बोर्डातून रायटर, म्हणजे तो सांगेल ते लिहून देणारा लेखनिक, घेऊन दहावी झाला. लहान वर्गातल्या मुलांच्या आया सारख्या विचारत असतात म्हणून एकदा नीट लिहून काढतेय.

सगळ्यात आधी सर्टिफिकेट. खासगी सायकॉलॉजिस्टचा रिपोर्ट घरी अभ्यास घ्यायला खूप कामाचा असतो पण बोर्डासाठी सरकारी किंवा महापालिकेच्या हॉस्पिटलचं सर्टिफिकेट काढून ठेवा, आमच्या इथे सायन, नायर वगैरे. एका दिवसात होत नाही ते, डोळे-कान तपासतात, आयक्यू टेस्ट होते, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या, प्रत्येकाची तारीख वेगळी. आणि हे फार जणांना माहीतच नसतं की केंद्राच्या नियमांप्रमाणे अध्ययन अक्षमतेचं (डिसलेक्सिया, डिसग्राफिया यातच येतात) सर्टिफिकेट आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतं आणि १४ व्या आणि १८ व्या वर्षी परत तपासणी करावी लागते. १४ म्हणजे आठवी-नववी, नेमकं बोर्डाच्या तोंडावर. त्यामुळे तिसरीतलं सर्टिफिकेट आहे ना म्हणून निवांत राहू नका, नववीच्या सुरुवातीलाच नंबर लावा.

हक्काबद्दल कुणी हुज्जत घातली तर दिव्यांग हक्क कायदा २०१६ चं कलम १७ दाखवा, त्यात जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे सगळं स्पष्ट लिहिलंय. वेळ तासाला २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. भाषेची किंवा गणिताची सूट घेताना मात्र अकरावीला मुलाला काय घ्यायचंय ते आधी त्याच्याशी बोला, खालच्या पातळीचं गणित घेतलं की सायन्सचा रस्ता जवळपास बंद होतो. आणि दिव्यांगत्वाची टक्केवारी ४० च्या खाली आहे म्हणून कुणी रायटर नाकारत असेल तर सुप्रीम कोर्टाचा फेब्रुवारी २०२१ चा विकास कुमार विरुद्ध यूपीएससी हा निकाल वाचा, लिहायला त्रास होणाऱ्याला ४० टक्क्यांची अट लावून रायटर नाकारता येत नाही असं त्यात म्हटलंय.

आता खरी गोष्ट. परवानगी मिळाली म्हणजे झालं असं अजिबात नाही, सांगून लिहून घेणं हे वेगळंच कौशल्य आहे आणि त्याची तयारी महिनोन्महिने करावी लागते. रायटर एक वर्ग खालचा लागतो, आम्हाला शेजारच्या बिल्डिंगमधली नववीतली मुलगी मिळाली. सुरुवातीला इतिहासाचं उत्तर हा गोष्ट सांगितल्यासारखं भडाभडा बोलायचा, ती बिचारी दुसऱ्याच ओळीवर अडकायची, मग हा चिडायचा आणि पुढचं विसरायचा. हळूहळू बसवलं की आधी "तीन मुद्दे आहेत" सांगायचं, एक वाक्य बोलायचं, तिचं पेन थांबेपर्यंत थांबायचं, शेवटचे दोन-तीन शब्द तिच्याकडून वाचून घ्यायचे. भूमितीला तर फारच सराव लागला, "रेख एबी काढ, आता बी केंद्र घे, कंपासमध्ये चार सेंटिमीटर अंतर घे" असं पायरी-पायरीने. आकृती डोक्यात स्पष्ट असल्याशिवाय असं सांगता येत नाही, त्यामुळे "सवलत घेतली म्हणजे मार्क फुकट" म्हणणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं. उत्तर मुलाचंच असतं हो.

शाळेतून विभागीय मंडळाकडे अर्ज जातो, त्याची पोचपावती मागून घ्या आणि परवानगीच्या झेरॉक्स रोज बरोबर ठेवा. आम्हाला एका केंद्रावर पहिल्याच दिवशी कुणाला काही माहीत नव्हतं, पत्र हातात होतं म्हणून निभावलं. शक्य झालं तर आदल्या दिवशी जाऊन केंद्र संचालकांना भेटा आणि वेगळी खोली विचारा, कारण रायटरला मोठ्याने सांगावं लागतं आणि दोन वाजून गेल्यावर बाकीची मुलं सुटतात तेव्हा कॉरिडॉरमध्ये प्रचंड गोंगाट होतो, नेमका तेव्हाच आपल्या मुलाचा जादा तास चालू असतो. अकरापासून तीनच्या पुढेपर्यंत बसायचं म्हणजे भूक लागते, दोघांनाही पोटभर खाऊन पाठवा, रायटरलासुद्धा.

रायटर आजारी पडू शकते म्हणून दुसरं एक नाव डोक्यात असू द्या. आणि दहावी झाली की फाइल माळ्यावर टाकू नका, बारावीला, सीईटीला, नीटला प्रत्येक ठिकाणी ही मागणी नव्याने करावी लागते आणि ती बऱ्याचदा फॉर्म भरतानाच करायची असते.