काँगोली रुंबा कसा ऐकावा, कसा नाचावा

काँगोली रुंबा, म्हणजे मध्य आफ्रिकेतील काँगोचे गिटारप्रधान नृत्यसंगीत, पहिल्यांदा ऐकणाऱ्याने आधी घाई सोडावी. गाणे बराच वेळ संथ चालते आणि यावर नाचायचे काय, असा प्रश्न पडतो. परंतु लिंगाला भाषेतील प्रेमाची, विरहाची, फसवणुकीची गोष्ट याच भागात सांगितली जाते. मग ‘सेबेन’ येतो. शब्द मागे पडतात, गिटारी पुढे सरसावतात आणि लय चढते. ठुमरीच्या अखेरीस तबलजीने लग्गी धरली की मैफल जशी सैलावते, तसाच काहीसा हा क्षण असतो. गाणे पुढे ढकलून थेट सेबेन गाठणाऱ्याला वेग मिळतो, पण चढण्यातली गंमत हुकते.

ऐकताना इअरफोन लावावेत, कारण मोबाइलच्या स्पीकरमध्ये बेस हरवतो, आणि हा बेस सलग न वाजता मधे मोकळ्या जागा सोडत असल्यामुळे नाचणाऱ्याची कंबर त्याच्याच भरवशावर असते. त्यानंतर एकेक गिटार कानाने वेगळी काढावी. ऱ्हिदम गिटार एक छोटे आवर्तन न थकता फिरवते, सोलो गिटार वरच्या पट्टीत नक्षी काढते आणि दोघींना सांधणारी ‘मी-सोलो’ मधे असते. ती सहज सापडत नाही. मात्र एकदा सापडली की गाण्याची सारी वीण उलगडते.

क्रम निवडायचा तर गिटारवादक फ्रँकोपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. त्याच्या ओके जाझ या बँडची स्थापना १९५६ साली काँगोच्या किन्शासा शहरात, म्हणजे तेव्हाच्या लिओपोल्डव्हिलमध्ये झाली, आणि क्यूबाच्या तबकड्यांतून आलेला ठेका तेथे अस्सल काँगोली कसा झाला, हे त्याच्या गिटारीत स्पष्ट ऐकू येते. त्यानंतर १९६९ मध्ये उभा राहिलेला झायको लांगा लांगा हा बँड ऐकावा. या तरुणांनी ब्रास वाद्ये वगळली आणि स्नेअर ड्रमला मोठे काम दिले. पापा वेम्बा, कोफी ओलोमिडे आणि आजचा फाली इपुपा हे सारे गायक त्याच वाटेने पुढे आले.

नाचताना पावले फार उचलू नयेत. संथ भागात जोडीने, गुडघे किंचित सैल ठेवून, वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यावे आणि हालचाल कमरेत राहू द्यावी. खांदे जवळजवळ स्थिरच बरे. सेबेन सुरू होताच जोडी सुटली तरी चालते. आता कान ‘आतालाकू’कडे द्यावा. हा आरोळ्या देणारा कलाकार, पूर्वी अनेकदा कीटकनाशकाच्या रिकाम्या डब्याचा खुळखुळा वाजवत, नाचाची नवी चाल पुकारतो आणि नाचणारे ती उचलतात. गाण्यामधे भराभर माणसांची नावे ऐकू आली तर त्यांत कथेचा धागा शोधू नये: ती ‘माबांगा’ असतात, आणि बहुधा त्या नावांच्या मालकांनी त्यासाठी पैसे मोजलेले असतात.