काळोख्या श्रेयनामावलीत दिसणारे पट्टे: माझा अनुभव

आमच्या विद्यार्थी थरारपटाच्या सुरुवातीच्या श्रेयनामावलीत काळ्यातून गडद निळ्याकडे सरकणारी पार्श्वभूमी होती. मात्र निर्यात केलेल्या फाइलमध्ये त्या धुक्यासारख्या सलग छटेऐवजी नकाशावरील समोच्च रेषांसारखे पट्टे दिसत आणि नावे उजळू लागताच ते हलत. ब्लर वाढवला, रिझोल्यूशन वाढवले, बिटरेट (दर सेकंदाला साठवला जाणारा डेटा) दुप्पट केला. पट्टे तसेच राहिले. तीन रात्री यात गेल्या.

कारण साधे होते. ८ बिट रंगखोलीत (रंग किती बारीक पायऱ्यांत नोंदवता येतो त्याचे माप) लाल, हिरवा, निळा या प्रत्येक रंगवाहिनीला २५६ पातळ्या मिळतात. आमची छटा त्यांपैकी जेमतेम २५ पातळ्यांत मावत होती, म्हणजे १९२० पिक्सेल रुंदीवर प्रत्येक पट्टा सुमारे ७७ पिक्सेलचा.

उपाय याच क्रमाने करावा. प्रथम प्रकल्पाची रंगखोली १६ बिट करावी आणि छटा त्यातच नव्याने तयार करावी, कारण ८ बिटमध्ये साठवलेल्या जुन्या चित्रातील पट्टे तसेच राहतात. त्यानंतर पार्श्वभूमीच्या वर, पण नावांच्या खाली, एक अ‍ॅडजस्टमेंट लेयर (खालच्या थरांवर परिणाम करणारा थर) ठेवून त्यावर प्रत्येक फ्रेमला बदलणारा सुमारे २ टक्के नॉइज (बारीक दाणेदार ठिपके) द्यावा, म्हणजे पट्ट्यांच्या कडा त्यात विरतात. तो नावांच्या वर गेल्यास बारीक अक्षरांच्या कडा थरथरतात. शेवटी १० बिट कोडेकमध्ये (व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीत) निर्यात करावी. ८ बिटच द्यावे लागले, तर बिटरेट चढा ठेवावा, अन्यथा कॉम्प्रेशन तो नॉइज पुसून टाकते आणि पट्टे परत येतात. बिटरेट वाढवण्याचा आधीचा प्रयत्न फसला, कारण तेव्हा जपण्यासारखा नॉइजच चित्रात नव्हता.