केमोच्या दिवसांत श्वास, रंग आणि वही : सुरुवात कशी करावी

कर्करोगाचे निदान झालेल्या माणसाला घरचे, शेजारचे, भेटायला येणारे सगळेच ‘मन रमव’ असे सांगतात. त्यामागे माया असते. पण केमोबरोबर दिलेल्या स्टेरॉइडमुळे रात्री दोन वाजता टक्क जाग येते, घर झोपलेले असते आणि त्या वेळी कशातच मन रमत नाही. अशा वेळी उपयोगी पडते ती निराळी सवय : जे वाटते आहे त्याच्याकडे ठरवून थोडा वेळ पाहायचे आणि ते रंगांनी किंवा शब्दांनी कागदावर उतरवायचे. पाहण्याच्या भागाला सजगता म्हणतात, उतरवण्याच्या भागाला अभिव्यक्तीची कला.

याने गाठ लहान होत नाही आणि उपचारांचा एकही दिवस टळत नाही, हे आधीच स्पष्ट करतो. मनावरचा भार मात्र हलका होऊ शकतो. फिलाडेल्फियात कर्करोग झालेल्या 111 स्त्रियांवर झालेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सजगता आणि चित्रकला यांचा आठ आठवड्यांचा एकत्रित कार्यक्रम घेतलेल्या गटाचा मानसिक त्रास, प्रतीक्षेत ठेवलेल्या, म्हणजे तोवर कार्यक्रम न मिळालेल्या गटापेक्षा कमी झालेला दिसला. सोसायटी फॉर इंटिग्रेटिव्ह ऑन्कोलॉजी आणि अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कोलॉजी यांनी 2023 मध्ये दिलेल्या संयुक्त मार्गदर्शक सूचनांमध्येही, कर्करुग्णांच्या चिंता आणि नैराश्याच्या लक्षणांसाठी सजगतेवर आधारलेल्या पद्धतींची शिफारस आहे.

आधी डॉक्टरांशी बोलावे, मग सामान आणावे

काउंट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्या, खाली आलेले असताना कुंडीतली माती, शाडू किंवा ओली फुले हाताळू नयेत, कारण त्यांतून संसर्गाचा धोका असतो. रांगोळीची बारीक पूडही त्या दिवसांत नाकातोंडात जाऊ देऊ नये. ऑक्सॅलिप्लाटिन हे केमोचे औषध चालू असेल तर गार पाण्यात बोटे घालताच झिणझिण्या येतात, म्हणून जलरंग टाळावेत किंवा कोमट पाणी घ्यावे. टर्पेंटाइनच्या वासाने मळमळ वाढते, तेव्हा तैलरंग नकोतच. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर त्या बाजूच्या हाताने फार वेळ एकसारखे काम करू नये.

हे सगळे वगळल्यावर उरते ते सामान अगदी थोडे असते : जाड कागदाची एक चित्रवही, बारा ऑइल पेस्टलची पेटी, मऊ शिसाची पेन्सिल आणि एक साधी शंभर पानी. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानांत हे एका फेरीत मिळते. ती फेरी घरातल्या दुसऱ्या कोणी मारावी, कारण तिथली गर्दी काउंट कमी असलेल्या माणसाला सोसण्यासारखी नसते.

पहिली पायरी : पाच मिनिटांचे बसणे

खुर्चीत टेकून बसावे किंवा अंथरुणावरच पडून राहावे. डोळे मिटल्यावर भीती वाटत असेल तर ते उघडेच ठेवावेत. श्वास येतो कसा, जातो कसा, एवढेच पाहावे. तो लांबवायचा किंवा रोखायचा नाही. मन रिपोर्टकडे धावले की ‘विचार आला’ एवढे मनात म्हणून पुन्हा श्वासावर यावे. पाच मिनिटांत असे वीस वेळा झाले तरी काही बिघडत नाही, कारण परत येणे हाच यातला सराव आहे.

मळमळ असताना पोटाकडे लक्ष दिले की ती वाढल्यासारखी वाटते. त्या दिवशी श्वास सोडून द्यावा आणि कान उघडे ठेवावेत : खालच्या मजल्यावरची कुकरची शिट्टी, रस्त्यावरची पीएमपीची बस, आंब्यावरचा कोकीळ. आवाज येईल तसा ऐकावा आणि जाईल तसा जाऊ द्यावा.

दुसरी पायरी : शरीराची आकृती

बसणे झाले की लगेच चित्रवही घ्यावी. माणसाची साधी बाह्याकृती काढावी, लहान मुले काढतात तशी. मग डोक्यापासून पावलांपर्यंत हळूहळू लक्ष नेत, जिथे जे जाणवेल तिथे हाताला येईल तो रंग भरावा. दुखण्याला लालच हवा असे नाही. पंधरा मिनिटे झाली की थांबावे, चित्राकडे मिनिटभर पाहावे, मागे तारीख आणि सायकलचा, म्हणजे केमोच्या फेरीचा, क्रमांक घालून एक ओळ लिहावी.

माझ्या आईच्या अशा चित्रांमध्ये तिसऱ्या सायकलपासून पायांचे दोन्ही तळवे निळे होते. तिने ते सहज भरले होते आणि आम्हीही सहज पाहिले होते. एका भेटीत वही टेबलावर उघडी राहिली, तेव्हा डॉक्टरांनी बोट ठेवून विचारले, ‘‘इथे काय होतं, आजी?’’ मग कुठे ती म्हणाली की चप्पल पायात आहे की निसटली, हे तिला कळेनासे झाले आहे. एवढे दिवस ‘त्यात काय सांगायचं’ म्हणून तिने ते कोणालाच सांगितले नव्हते. डॉक्टरांनी पुढच्या वेळी औषधाची मात्रा बदलली. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, की वही तपासणीला जाताना फाइलबरोबर न्यावी.

डे केअरच्या खुर्चीत

केमो घेण्यासाठी रुग्णालयाच्या या विभागात चार-पाच तास जातात आणि एक हात सलाइनला बांधलेला असतो. मोकळ्या हाताने, तो डावा असला तरी, पेन्सिल कागदावर टेकवावी. श्वास घेताना रेघ वर न्यावी, सोडताना खाली आणावी. डोंगरांसारखी ओळ तयार होत जाते; ओळ भरली की खाली दुसरी सुरू करावी. डाव्या हाताची रेघ वेडीवाकडी येते आणि ती तशीच ठेवावी, खोडरबर सोबत नेऊच नये. सुई टोचण्याच्या आधी अर्धे पान झाले, तर खांदे थोडे सैल झालेले जाणवतात.

स्कॅनच्या आदल्या रात्री

या रात्रीसाठी रंगांपेक्षा लेखन बरे. जेम्स पेनबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1986 मध्ये मांडलेली रीत साधी आहे : सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, मनाला सर्वांत जास्त बोचणाऱ्या गोष्टीबद्दल, शुद्धलेखनाची पर्वा न करता लिहीत राहायचे. म्हणून स्कॅनच्या चार दिवस आधीच सुरुवात करावी. कोणाचा राग आला असेल तर तो लिहावा, पैशांची काळजी असेल तर आकड्यांसह लिहावी. लिहिलेले कोणी वाचण्याची भीती असेल तर पाने फाडून टाकावीत. लिहून झाल्यावर थोडा वेळ मन जड होते, त्यामुळे अगदी झोपेच्या तोंडावर लिहू नये. मधे तासाभराचे अंतर ठेवावे.

घरच्यांनी काय करावे

चित्र पाहून ‘छान’ म्हणू नये आणि ‘एवढा काळा का?’ असेही विचारू नये. ‘यातलं काही सांगावंसं वाटतं का?’ एवढे विचारावे आणि ‘नाही’ आले तर चहा टाकायला उठावे. शंभर पानी विचारल्याशिवाय उघडू नये. शक्य असेल तर शेजारी बसून स्वतःच्या कागदावर स्वतःची आकृती काढावी. जागरणाने आणि धावपळीने थकलेल्या माणसाच्याही खांद्यांत रंग भरण्यासारखे पुष्कळ असते.

रंग घेऊन बसल्यावर रोजच रडू अनावर होत असेल, दोन आठवडे कशातच गोडी वाटत नसेल किंवा जगणे नकोसे झाल्याचे पानांवर येऊ लागले असेल, तर हा सराव बाजूला ठेवून त्याच दिवशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगावे आणि मानसोपचारतज्ज्ञांची भेट मागावी. रात्री-अपरात्री बोलण्याची गरज पडली तर टेली मानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते आणि मराठीतून बोलता येते. हा क्रमांक आजच शंभर पानीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.