आईच्या फोनवरचे नको ते कॉल कसे बंद केले

परभणीला आमच्या घरी दुपारी फोन वाजला की आई कणकेचे हात तसेच घेऊन उठायची. नुसतं 'हॅलो, हॅलो' करायची आणि पलीकडून कट. तिला वाटायचं, कुणीतरी पाळत ठेवतंय. तसं काही नसतं. कॉल सेंटरचं मशीन एकाच वेळी ढीगभर नंबर लावतं; बोलायला माणूस मोकळा नसला की आपला कॉल आपोआप तुटतो.

आधी मी एकेक नंबर ब्लॉक करत बसलो. काही उपयोग नाही, रोज नवा नंबर. मग तिच्याच सिमवरून 1909 ला मेसेज टाकला: इंग्रजीत 'स्टार्ट', जागा सोडून 0. याने नोंदणी केलेल्या कंपन्यांच्या सगळ्या जाहिराती बंद व्हायला हव्यात. बँकेचे ओटीपी मात्र येत राहतात. लँडलाइन असेल तर त्याच फोनवरून 1909 लावा.

एवढ्यावर भागत नाही. 140 ने सुरू होणारे, म्हणजे नोंदणी केलेल्या जाहिरातवाल्यांचे रीतसर कॉल कमी झाले, पण साध्या दहा आकडी मोबाइलवरून प्लॉटवाले येतच राहिले. खरा उपाय तक्रार. ट्रायच्या (दूरसंचार कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) डीएनडी म्हणजे 'त्रास देऊ नका' ॲपवर नंबर, तारीख आणि काय विकत होते ते टाकायचं, तेही कॉल आल्यापासून सात दिवसांच्या आत. 'केवायसी संपली' असं धमकावणारे कॉल वेगळे. ते संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर फसव्या कॉलच्या तक्रारीसाठी असलेल्या 'चक्षू'वर कळवले.

आता आठवड्यातून एखादा येतो. आई त्याला म्हणते, "बापू, प्लॉट घेऊन काय करू, आहे तेच घर झाडून होईना."