घरच्या नानकटाईसाठी आधी तुपाकडे बघा

नानकटाई बिघडली की लोक ओव्हनला बोल लावतात, नाहीतर सोड्याला. माझ्या मते बहुतेक वेळा गडबड तुपात झालेली असते. तूप चांगलंच असतं हो, घरचं, कढवलेलं; पण त्या दिवशी ते किती घट्ट आहे हे कोणी बघत नाही. कृतीत ‘तूप एक वाटी’ लिहिलेलं असतं आणि आपण मे महिन्यातलं पातळ तूप आणि डिसेंबरातला गोळा दोन्ही एकाच वाटीने मोजतो.

मी साताऱ्यात एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. नोकरी संपली तरी वजनकाटा हातातून सुटला नाही, म्हणून इथे वाट्या मिळणार नाहीत, ग्रॅम मिळतील. चाळून हलका झालेला मैदा आणि डब्यातून दाबून भरलेला मैदा यांच्या एकाच वाटीच्या वजनात चांगलाच फरक पडतो, आणि नानकटाईला तेवढा फरक झेपत नाही.

मैदा १२५ ग्रॅम, बेसन ४० ग्रॅम, बारीक रवा २५ ग्रॅम. पिठीसाखर १०० ग्रॅम. तूप ११० ग्रॅम. पाव छोटा चमचा खायचा सोडा, एक छोटा चमचा दही, चिमूटभर मीठ. वेलदोडे पाच-सहा, ताजे कुटून. जायफळ किसणीवर दोन-तीनदा फिरवलं की बस. वर लावायला चारोळी किंवा पिस्त्याचे काप. एवढ्यात वीस-एक नगं होतात. साखर दळून आणलेली असली तरी चाळून घ्या, कारण राहिलेले खडे भाजताना वितळून वर तपकिरी ठिपके उमटतात. बेसन खमंग भाजू नका. ते तुपाबरोबर ओव्हनमध्येच भाजलं जाणार आहे, आधी भाजलं तर शेवटी कडवट लागतं.

आता तूप. तूप ही वरण-भाताची गोष्ट आहे तोवर ते पातळ असलेलंच बरं. इथे मात्र ते बोट टेकवल्यावर खळगा पडेल पण ओघळणार नाही असं हवं. अशा मऊ घट्ट तुपात साखर फेसली की हवेचे बारीक बुडबुडे त्यात अडकून राहतात. पुढे भट्टीत सोड्यातून निघालेला वायू त्याच बुडबुड्यांत शिरतो आणि नानकटाई आतून जाळीदार होते. तूप वितळलेलं असेल तर हवा धरायला काही उरत नाही. नगं ताटलीत पसरतात, कडा काळपट आणि मधे चपटी चकती. गाईचं तूप लवकर सैल पडतं, म्हशीचं जरा जास्त दम धरतं आणि त्याचा रवाही मोठा असतो. उन्हाळ्यात मी म्हशीचंच घेतो, आणि तूप फ्रीजमध्ये पंधरा मिनिटं ठेवून, मधे एकदा ढवळून, मग कामाला लागतो. थंडीत उलटं. डबा गॅसजवळ ठेवा, गॅसवर नको. एकदा पूर्ण वितळलं तर परत गोठू द्या आणि गोठताना ढवळत राहा.

बेकरीवाले वनस्पती तूप वापरत आले, त्यामागे निव्वळ स्वस्ताई नाही. ते उन्हाळ्यातही घट्ट राहतं, त्यामुळे नानकटाई बारा महिने सारखी उतरते. त्यातल्या ट्रान्स फॅटवर, म्हणजे हृदयाला घातक चरबीवर, २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आली आहे. तरी घरी करायची तर साजूक तुपाची. वास तिथेच आहे.

लोणी चालेल का, असं हमखास विचारतात. चालेल, पण लोण्यात पाणी असतं. पाणी मैद्याला लागलं आणि हात जास्त फिरला की पीठ चिवट होतं. तुपात पाणी जवळजवळ नसतंच. ते पिठाच्या कणाकणाला गुंडाळून घेतं, म्हणून तोंडात टाकल्याबरोबर विरघळते ती नानकटाई. दही एक चमचाच का, याचंही उत्तर यातच आलं. दह्यातलं आंबट सोड्याला चेतवायला लागतं तेवढंच.

परातीत तूप आणि पिठीसाखर घ्या आणि तळहाताने फेसायला लागा. आमच्या वहिनी हे काम मला द्यायच्या आणि स्वतः देवळात जायच्या. परत आल्या की परातीत डोकावून, “अहो भावजी, अजून पिवळं दिसतंय, हात थांबवू नका,” एवढंच बोलायच्या. रंगच खरी खूण. पिवळसर तूप हळूहळू पांढरं पडतं, फुगतं, हाताला क्रीमसारखं लागतं. हाताने दहा-बारा मिनिटं, बीटरने चार-पाच. तुपाचा थेंब पाण्यात टाकून तरंगतो का बघा, असं काही जण सांगतात. ही परीक्षा उडदाच्या वाटलेल्या पिठाची आहे. तूप न फेसताही पाण्यावर तरंगतंच, त्यातून काय कळणार?

फेसलेल्यात दही, वेलदोडे, जायफळ. मैदा, बेसन, रवा, सोडा, मीठ एकत्र दोनदा चाळून त्यावर घाला. इथून पुढे मळायचं नाही, फक्त गोळा करायचं. पीठ सुटं वाटलं तरी दूध किंवा पाणी घालू नका. मुठीत दाबून बघा, हाताच्या उबेने जमून येतं. अगदीच नाही जमलं तर अर्धा चमचा तूप. झाकून वीस मिनिटं ठेवा म्हणजे रवा थोडा मुरतो. मग २० ग्रॅमचे गोळे, अंगठ्याने हलकं दाबून मधे चारोळी. दाबताना कडेला बारीक भेगा पडल्या तर पडू द्या, नानकटाईला त्या शोभतात. मोठ्या भेगा पडून गोळा उकलत असेल तर तूप कमी पडलंय. दोन गोळ्यांत दोन बोटांचं अंतर हवं.

ओटीजी, म्हणजे घरातला विजेचा छोटा ओव्हन, १७० अंशांवर आधी दहा मिनिटं तापवा, खालची-वरची दोन्ही कॉइल सुरू, ताटली मधल्या खणात. पंधरा ते अठरा मिनिटं लागतात. बटणावर लिहिलेल्या अंशांवर माझा विश्वास नाही, म्हणून आधी दोनच नगं टाकून बघा आणि आपल्या यंत्राचा स्वभाव ओळखा. वरून रंग आला म्हणजे झालं, असं समजू नका. वरचा भाग फिकटच राहायला हवा. एक उचलून खालची बाजू बघा, ती बदामी झाली की बाहेर काढा. बाहेर काढल्यावर नगं मऊ लागतात आणि ‘कच्चं राहिलं’ म्हणून लोक पुन्हा आत ढकलतात. ताटलीतच वीस मिनिटं राहू द्या. तूप आणि साखर घट्ट झाल्यावरच खुसखुशीतपणा येतो.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची जुनी कढई. तळाला जाड मिठाचा बोटभर थर, त्यावर तिवई, घट्ट झाकण, मध्यम आचेवर दहा मिनिटं. मग ताटली ठेवून आच अगदी बारीक, वीस ते पंचवीस मिनिटं. काही घरांत यासाठी कुकर घेतात, शिट्टी आणि रिंग काढून. रिकामा तापवल्याने भांड्याचं आयुष्य कमी होतं, म्हणून स्वयंपाकाचा रोजचा कुकर मी यात घालत नाही. ते मीठ गार करून बरणीत भरा, पुढच्या वेळी तेच कामाला येतं.

आमच्याकडे दिवाळीच्या आधी आणि मेच्या सुट्टीत मैदा, रवा, साखर, डालडा डब्यांत भरून बेकरीत न्यायची रीत होती. तिथला माणूस वजन करायचा, आपल्यासमोर लाकडी परातीत मळायचा, आपण ताटल्यांत गोळे मांडायचे आणि चिठ्ठीवर नाव लिहून बाजूला बसायचं. लाकडाच्या भट्टीची भाजणी निराळी, कारण तापलेल्या विटांची उष्णता चहूबाजूंनी आणि सावकाश उतरत जाते. आता अशा भट्ट्या कमी होत चालल्या आहेत. मुंबईत तर २०२५ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर लाकूड-कोळशाच्या भट्ट्या गॅस वा विजेवर न्यायला सांगितलं गेलं, आणि हवा बघता त्याला नाही कसं म्हणायचं? तुमच्या गावात कोणी अजून भाजून देत असेल तर किलोच्या हिशेबाने तिथेच न्या. घरात पाच-सहा ताटल्या एकामागून एक भाजताना शेवटच्या ताटलीतलं तूप उन्हाळ्यात सैल पडतं. घरीच करायचं असेल तर उरलेले गोळे तोवर फ्रीजमध्ये ठेवा.

सुरतेत डच व्यापारी गेल्यावर त्यांची भट्टी एका पारशी गृहस्थाने, फरामजी पेस्तनजी दोटीवाला यांनी चालवली आणि तिथून नानकटाई निघाली, असं सांगतात. सुरतेची खायची संधी मिळाली तर सोडू नका.

पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. कोमट भरली तर आत वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी नरम. स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात दोन आठवडे छान राहते, पावसाळ्यात आठवडाभर समजा. कणकेची करायची असेल तर मैद्याच्या जागी तेवढीच कणीक आणि तूप १० ग्रॅम जास्त. नाचणीची करताना मात्र निम्मा मैदा राहू द्या. नुसत्या नाचणीत धरून ठेवणारं काही नसतं, ताटलीतून उचलतानाच चुरा होतो. झालाच चुरा तर गार दुधात घालून खा, आमच्या नातवाला तो अख्ख्या नानकटाईपेक्षा जास्त आवडतो.