शाळेचं वीजबिल उतरवायचंय? सुरुवात मीटरपासून करा

वीज वाचवायचा विषय निघाला की शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पहिला शब्द येतो सोलरचा. मी मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळेवर मुख्याध्यापक आहे आणि माझं आग्रहाचं सांगणं आहे, सोलर सगळ्यात शेवटी. आधी वाया जाणारी वीज थांबवा. थकबाकीपायी मीटर कापला गेला की डिजिटल वर्ग धूळ खात पडतो आणि नुकसान आपल्या लेकरांचं होतं.

शाळा सुटून खोल्यांना कुलपं लागली की मीटरपाशी जा. त्यावर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. किती वेळा लुकलुकला की एक युनिट होतं, ते मीटरवरच छापलेलं असतं. पुष्कळ मीटरवर 3200 असतं. सगळं बंद असूनही दिवा लुकलुकतोय, म्हणजे वीज कुठंतरी जातेय. बहुतेकदा संगणक कक्षातला यूपीएस किंवा रिमोटनं बंद केलेला पण बटण चालूच राहिलेला टीव्ही सापडतो. मेन बोर्डावरचा एकेक एमसीबी, म्हणजे खोलीखोलीची वीज तोडणारा खटका, खाली पाडत जा. ज्याला दिवा थांबेल, त्या खोलीत शोधा. तिथं काहीच चालू नसेल तर वायरिंगमध्ये गळती असू शकते. मग परवानाधारक वायरमनच बोलवा आणि त्याच फेरीत अर्थिंगही तपासून घ्या. पावसाळ्यात ओल्या भिंतींना मुलांचे हात लागतात.

बिलावरची वर्गवारीही एकदा बघा. सरकारी शाळेला ‘सार्वजनिक सेवा’ लागते. तिथं वाणिज्यिक असेल तर महावितरणकडे लगेच लेखी अर्ज द्या.

आता छत. माझ्या मते पहिला पैसा इथंच घालावा. मार्चपासून सकाळची शाळा असली, तरी अकराच्या सुमाराला पत्र्याखालची खोली भट्टी होते आणि पंखा तीच गरम हवा फिरवत बसतो. स्लॅब असेल तर आधी गळती बंद करा, मग झाडून धुऊन चुन्याचे दोन हात द्या. कळीचा चुना रात्रभर भिजवायचा, गाळायचा, त्यात फेव्हिकॉल घालायचं. भिजताना चुना उकळतो, मुलांना जवळ फिरकू देऊ नका. पावसात तो धुपतो, म्हणून दर फेब्रुवारीत नवा हात. पत्र्यावर चुना टिकत नाही. तिथं ऊन परतवणारा पांढरा रंगच घ्या.

छताखालचे झरोके तर हमखास पुठ्ठे लावून बुजवलेले असतात, कारण चिमण्या घरटी करतात. पुठ्ठा काढून बारीक जाळी ठोका. वर चढलेली गरम हवा तिथूनच बाहेर जाते. पश्चिमेच्या भिंतीकडे कडुनिंब लावा, म्हणजे चार-सहा वर्षांनी दुपारचं ऊन अडेल.

उजेडाला खर्च जवळजवळ नाहीच. खिडकीसमोरचं कपाट हलवा, काचेवरचे तक्ते काढा, आतलं छत पांढरं करा. खिडकीकडच्या ट्यूबला वेगळं बटण द्या, म्हणजे आतल्या ओळीसाठी सगळा वर्ग उजळावा लागत नाही.

मग उपकरणं. साधा पंखा 75 वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरीचा) पंखा 30 च्या. दिवसाचे सहा तास आणि वर्षाचे 200 दिवस धरले, तर एका पंख्यामागे 54 युनिट वाचतात. सगळे एकदम बदलायला अनुदान पुरत नाही. बिघडेल तो बदलत जा, पण जुन्याची वाइंडिंग पुन्हा भरत बसू नका. जुनी 40 वॅटची ट्यूब चोकसकट पन्नासच्या वर जाते, एलईडी 20 मध्ये भागवते.

बालमंत्रिमंडळात वीजमंत्री नेमा. शाळा सुटताना आणि भरताना रीडिंग त्यानं किंवा तिनं फळ्यावर लिहायचं, वजाबाकी वर्गानं करायची. आमच्या सातवीच्या पोरी आता शिक्षकांनाही पंखा बंद करायला लावतात, आणि मला त्याचा फार अभिमान आहे.

बोअरच्या मोटरीला फ्लोट स्विच, म्हणजे टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारं बटण, लावा, गळके नळ बदला. भरून वाहणाऱ्या टाकीत पाण्याबरोबर वीजही जाते.

एवढं झाल्यावर वर्षभराचं बिल हातात घेऊन सोलरचा हिशेब करा. एक किलोवॉटला दिवसाला साधारण 4 युनिट धरा. नेट मीटरिंग, म्हणजे जास्तीची वीज महावितरणला देऊन बिलातून वजा करून घेण्याची सोय, घ्याच, कारण मे महिन्याच्या सुट्टीतही पॅनेल चालूच असतात. आणि पॅनेलवरची धूळ कोण धुणार, ते ठरावातच नावानिशी लिहून घ्या.